डोंगरावर लागलेली बोट

एमआरआयच्या फॉर्मवर सतरा प्रश्न होते आणि सगळ्यांची उत्तरं सलोनीनं भरून ठेवली होती. मी फक्त सही करायची होती. शरीरात धातूची पट्टी, स्क्रू, झडप? नाही. बंद जागेत जीव घाबरतो का? नाही. पूर्वी मेंदूचा काही आजार झाला होता का? त्यापुढच्या चौकोनात तिनं बालवाडीच्या बाईंच्या त्या गोल, एकेक अक्षर सुटं ठेवणाऱ्या हातानं 'हो' लिहिलं होतं आणि खालच्या रेघेवर तपशील दिला होता: गेल्या जूनमध्ये लडाखला, उंचीवर, मेंदूला सूज. मी पेन धरून त्या 'हो'कडे बघत राहिलो. आठ महिने ही गोष्ट मी तोंडानं बोलत होतो, घरचे बोलत होते, बंदरावर चहाच्या टपरीशी लोक माझ्या पाठीमागे कळवळून बोलत होते, आणि त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. पण कागदावर मी ती पहिल्यांदाच बघत होतो आणि कागदावर ती भलतीच ठाम दिसत होती. "पेन चालत नाही का, भावोजी?" सलोनी म्हणाली. पेन चालत होतं. मी सही केली, संदेश खंडू भाटकर, खाली तारीख घातली, आणि काउंटरवरच्या मुलीनं तो कागद पिन मारून फाइलीत टाकला.

सलोनी माझ्या धाकट्या भावाची बायको. रितेश गेल्यावर तिच्यासाठी मराठीत जो शब्द आहे तो मी घरात कुणाला उच्चारू देत नाही. परवा आत्या बोलून गेली तर मी ताटावरून उठलो. घरच्यांना वाटतं, संदेशचं मन किती मोठं. माझं मन किती मोठं आहे ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी एक जूनला मासेमारी बंद झाली, बोट वर ओढून झाकून ठेवली, आणि आम्ही सहा जण लडाखला गेलो. बंदीचे दोन महिने दर्यावरच्या माणसाला काढवत नाहीत. पूर्वीची माणसं जाळी दुरुस्त करत बसायची, आता आम्ही कुठेतरी फिरायला जातो आणि मोबाइल भरून फोटो आणतो. सहातले चार माझ्याच बोटीवरचे खलाशी, पाचवा मी त्यांचा तांडेल, म्हणजे बोट कुठे न्यायची आणि कधी वळवायची हे ठरवणारा, आणि सहावा रितेश. रितेशचा आणि बोटीचा काही संबंध नव्हता. तो शिकला, कॉलेजच्या ऑफिसात चिकटला, इस्त्रीचे शर्ट घालून स्कूटरवरून जायला लागला. त्याला मीच ओढून नेलं. "दर्यावर येत नाहीस, डोंगरावर तरी ये," म्हटलं. मुंबईहून विमानात बसलो तेव्हा समुद्राच्या पातळीवर होतो आणि अडीच तासांनी उतरलो तेव्हा साडेअकरा हजार फुटांवर. तिथे दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं म्हणे. आम्ही दुसऱ्याच दिवशी गाडी काढून आणखी वर, तळ्याकडे निघालो. नवव्या दिवशी चंदीगडच्या एका हॉस्पिटलात रितेश गेला. छत्तीस वर्षांचा होता. त्याची मुलगी सानवी तेव्हा पाच वर्षांची होती.

त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं आम्हाला त्याच्या मेंदूचा फोटो दाखवला होता. तरुण पोरगेलासा डॉक्टर, डोळे लाल, कितीतरी वेळ झोप न मिळालेला. सलोनी त्याच दिवशी विमानानं पोचली होती आणि तिला कुणीतरी काहीतरी दाखवायला हवं होतं. त्यानं पडद्यावर पेन टेकवून समजावलं: मेंदूचे दोन भाग असतात, त्यांना जोडणारा एक पूल असतो, त्या पुलाच्या मागच्या टोकाला हे बघा. करड्या रंगावर काळे ठिपके होते, ओट्यावर मोहरी सांडावी तसे. विरळ हवेनं मेंदू सुजतो, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपतं, त्याच्या या खुणा. जे वाचतात, तो म्हणाला, त्यांच्याही डोक्यात या खुणा राहतात; दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी खास प्रकारचा फोटो काढला तरी दिसतात. मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, हे कधी सुरू झालं? तोल कधीपासून जात होता? वर असताना तुमच्याशी नीट बोलत होता का? साधे प्रश्न होते. त्याला कागद भरायचा होता. आणि मी म्हणालो, "डॉक्टरसाब, माझंही डोकं फिरलं होतं. मला नीट आठवत नाही." हे वाक्य मी ठरवून आणलं नव्हतं. ते तोंडात आलं आणि मी ते थुंकलो नाही, एवढंच. डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. शक्य आहे, म्हणाला, एकाच गाडीतून गेलात, तुमच्याही मेंदूवर परिणाम झाला असणार. या आजारात माणसाला स्वतःलाच कळत नाही की आपली अक्कल गेलीय, मग तुम्ही निर्णय तरी काय घेणार होतात? त्याच्या त्या हिंदीत माझी सगळी सुटका तयार होती, मापाचा शर्ट शिवून मिळावा तशी. सलोनी मागे उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तिथेच, नवरा काचेपलीकडे नळ्यांत पडलेला असताना, माझी काळजी करायला सुरुवात केली.

रत्नागिरीत परत येईपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं. दोघांनाही झालं, देवानं एकाला तरी ठेवलान, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खलाशी काही बोलले नाहीत. दर्यावर तांडेलानं जे ठरवलं त्याचा निवाडा किनाऱ्यावर करायचा नाही, ही आमच्यात जुनी रीत आहे, आणि त्या चौघांनी ती डोंगरालाही लावली. बाबू, माझा सगळ्यात जुना खलाशी, मला भेटला की जाळ्यांबद्दल बोलतो. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या तेव्हा आबांनीच, माझ्या वडिलांनीच, मला सांगितलं, तू नको जाऊ, तुझा डोका ठिकाणावर येऊंदे. ज्याला भोवळ येऊ शकते अशा तांडेलाबरोबर कोण जाणार? बोट बाबू न्यायला लागला आणि मी बर्फाच्या कारखान्यावर लाद्या मोजायला बसलो. आणि खरं सांगतो, मला भोवळ यायला लागली. जेटीच्या पायऱ्यांवर तोल जायचा. माणसांची नावं आठवेनात. एकदा सानवीसाठी दुधाचा पेला नेताना हातातून सुटला, आणि तो फुटताना माझ्या आत कुठेतरी बरं वाटलं, हा बघ, पुरावा. खोटं नीट वठवायचं तर आधी स्वतःला पटवावं लागतं, आणि मला ते बऱ्यापैकी पटलं होतं. फक्त मधूनमधून, आंघोळीला पाणी घेताना वगैरे, ते पटणं सुटायचं.

मग सलोनीनंच हा फोटो काढायचं मनावर घेतलं. वर्षश्राद्धाच्या आत तुमचं एकदा बघून घेऊ या म्हणाली. त्या डॉक्टरनी सांगितलेला तो खास फोटो आता रत्नागिरीतही काढतात, मारुती मंदिराजवळ नवीन सेंटर झालंय. आबांना बरं वाटलं, कारण त्यांना बोटीचा निकाल हवा होता. आईनं वाडीतल्या देवळात गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या डोक्यात काय वाकडं-तिकडं असलां तर ता दूर कर आणि ह्याचा फोटो निर्मळ येऊंदे, असं गुरव एका दमात बोलला, आणि रिवाजाप्रमाणे मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं "होय महाराजा" म्हटलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. आणि आत मी देवाला सांगत होतो, ऐकू नकोस, तिचं ऐकू नकोस. मला त्या फोटोत ठिपके हवे होते. दहा नकोत, मी काही लोभी नाही. एक पुरे. एक काळा ठिपका त्या पुलाच्या टोकाला निघाला असता तर चंदीगडला मी बोललो ते खोटं राहिलं नसतं. मागे जाऊन खरं झालं असतं. माझं डोकं सुजलेलं होतं, म्हणून मी वळलो नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी देवळात उभं राहून आईच्या उलट मागणं मागत होतो.

मशीनवरची मुलगी ऋतिका नावाची होती. छातीवर पाटी होती. तिनं कंबरेचा करगोटासुद्धा काढायला लावला, त्यातल्या चांदीच्या मण्यासाठी. कानांत बोळे घातले, डोक्यावर जाळी बसवली, हातात रबराचा फुगा दिला. "काका, घाबरायला झालं तर हा दाबा. पण होता होईतो दाबू नका, नाहीतर परत पहिल्यापासून करायला लागतं. आणि हलायचं नाय हां." फळी आत सरकली. डोळ्यांसमोर चार बोटांवर पांढरं छत, गालावर गार वारा, आणि मग ठोके सुरू झाले. लोकांना त्या आवाजाची भीती वाटते म्हणतात. मी पंचवीस वर्षं डिझेल इंजिनाच्या डोक्यावर झोपलोय; मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी ठरवून आलो होतो की आत पडलो की ते दिवस आठवून बघायचे आणि कुठे भोक सापडतं का ते शोधायचं. ज्याचं डोकं सुजलं होतं त्याच्या आठवणीत एखादी तरी जागा कोरी असेल. जाळं उन्हात धरून एकेक घर बघत जावं तसा मी पहिल्या दिवसापासून निघालो.

लेहचं हॉटेल. संध्याकाळी सगळ्यांचीच डोकी दुखत होती, माझंही थोडंसं, कपाळाच्या मागे. रितेश जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ओकारी काढली. मग गाडीत, घाटात, दोनदा. गाडी थांबवून तो रस्त्याच्या कडेला वाकलेला, मागे बर्फ, आणि बाबू ओरडला, "आयला, ह्याला डोंगरावर पण बोट लागली रे!" आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यांत जास्त. कारण रितेशला बोट लागणं ही आमच्या घरातली जुनी मस्करी होती. भाट्याच्या खाडीत होडीत बसला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. नव्या माणसाला दर्यावर ओकाऱ्या होतात, भोवंडतं, भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही, त्याला आपण बोट लागली म्हणतो, आणि तिच्यावर औषध एकच असतं: काही करायचं नाही. मिठाचा खडा चोखायला द्यायचा, सुकी भाकरी द्यायची, आडवं पाडायचं आणि बोट पुढे न्यायची. तिसऱ्या दिवशी उतरते. कोकणातला कुठलाही तांडेल हेच सांगेल, आणि दर्यावर ते खरं असतं. मी रितेशला लिंबू-मीठ दिलं. माझ्याकडे दुसरं शहाणपण नव्हतं, आणि जे होतं ते चौदा हजार फुटांवर चालत नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

असं मी मशीनमध्ये स्वतःला सांगितलं. ठोक्यांची जात बदलली. आता लांब, भोंग्यासारखा आवाज यायला लागला. आणि मी लगेच स्वतःला म्हटलं, सांगितलं होतं. ड्रायव्हरनं सांगितलं होतं. तीन वाजता आम्ही तळ्यावर पोचलो, तंबूंत सामान टाकलं, आणि तो तिथला ड्रायव्हर, पन्नाशीचा गडी, दोन दिवसांत दहा शब्द न बोललेला, माझ्याकडे आला आणि रितेशकडे हात करून म्हणाला, "भैया, इसको अभी नीचे ले चलते हैं. सुबह तक मत रुको." मी घड्याळात बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मला हेही आठवतं की मी हिशेब केला: आत्ता निघालो तर घाट उजेडात पार होईल, दहाच्या आत लेह. भरतीची वेळ काढावी तसा सरळ हिशेब, आणि उत्तर बरोबर होतं. जमत होतं. मग मी त्याला म्हणालो, "गाडी कधी काढायची ते मी सांगेन." बाकीचे गप्प झाले, बोटीवर होतात तसे. कोरी जागा शोधायला निघालेला मी, मला त्या ड्रायव्हरच्या स्वेटरचं उसवलेलं मनगटसुद्धा सापडत होतं.

पुढचं मी आठ महिने फिरून फिरून टाळत होतो, पण त्या नळीत कूसही बदलता येत नाही. बाकीचे तळ्याकाठी फोटो काढायला गेले. मी तंबूत गेलो. रितेश खाटेच्या कडेला बसून बूट घालत होता आणि पाय बुटाच्या बाजूला जमिनीवर पडत होता. दोनदा, तीनदा. मी त्याच्यासमोर चहाचा कप धरला तर त्याचा हात कपाच्या बाजूनं गेला. मग त्यानं वर बघितलं. डोळे स्वच्छ होते. "दादा," तो म्हणाला, "मला खाली ने." मी म्हटलं, बोट लागलीय तुला, उद्या उतरेल. "हे ते नाय, दादा. मला खाली ने." मी म्हटलं, झोप. त्यानं माझी बाही धरली. तिसऱ्यांदा तेच म्हणाला आणि मग म्हणाला, "आबा असते तर वळले असते."

ते खरं होतं. मी पंधरा वर्षांचा असताना आबांनी मला पहिल्यांदा दर्यावर नेलं. तीन दिवस मी इंजिनाच्या खोलीबाहेर कंबरेला दोरी बांधून पडलो होतो, हिरवं पाणी ओकत होतो, आणि आबा माझ्यावरून पाय टाकून ये-जा करत होते. मी रडून म्हटलं होतं मला घरी न्या, तर म्हणाले, "एका ओकारीला बोट वळवत नाय." मला त्याचा पुढे अभिमान वाटायला लागला; मी ते नव्या पोरांना सांगायचो. चार वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी रितेशला आणलं. तीन तास गेलो असू. रितेशनं दोनदा ओकारी काढली आणि म्हणाला, आबा, मला घरी न्या. आबांनी त्याच्याकडे बघितलं. किती वेळ? बिडी अर्धी जळेल एवढा. आणि त्यांनी सुकाणू फिरवलं. डिझेल, बर्फ, तेवढ्या खेपेचं सगळं पाण्यात गेलं. मी पाठीमागे जाळ्याचा दोर धरून उभा होतो. एकोणीस वर्षांचा होतो. बोटीनं घेतलेलं ते वळण माझ्या पोटात बसलं ते बसलंच. आणि एकवीस-बावीस वर्षांनी, तळ्याकाठच्या तंबूत, त्यानं नेमकं तेच नाव काढलं. मी त्याचे हात माझ्या बाहीवरून सोडवले, त्याला आडवा केला, रग पायाखाली नीट दाबून बसवला, आणि बाहेर जाऊन फोटो काढायला उभा राहिलो. त्या फोटोत मी हसतोय. सकाळी तो घोरत होता आणि हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हता.

"झालं, काका. एकदम छान राह्यलात," ऋतिका म्हणाली आणि तिनं जाळी काढली. मी उठून बसलो. मला भोवळ आली नाही.

रिपोर्टला तासभर लागणार होता. सलोनीनं डब्यातून घावणे आणले होते, ते मी खाल्ले. चव लागली, याचीही मला लाज वाटली. तिनं सानवीच्या शाळेतलं काहीतरी सांगितलं. मी मान डोलावत होतो आणि मनात घासाघीस चालली होती. मेंदू सुजल्यावर आठवण जातेच असं कुठे आहे? आठवत असूनही अक्कल गेलेली असू शकते. तो डॉक्टर तसंच म्हणाला होता, स्वतःलाच कळत नाही. म्हणजे ठिपका असेल अजून. मी हिशेब बरोबर केला होता खरा, पण दारुडाही घरी बरोबर पोचतो. जुनी गोष्ट उकरून सख्ख्या भावाला तसं टाकून जाणं, हे काय निरोगी डोक्याचं लक्षण आहे? सूजच असणार. असं मी स्वतःचा वकील होऊन तासभर बोललो. मग आतून नाव पुकारलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, हसऱ्या. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. तोच करडा रंग, तोच पूल, पुलाचं तेच मागचं टोक. मी ती जागा शोधायच्या आधीच डोळे तिथे पोचले होते. "सगळं एकदम छान आहे," त्या म्हणाल्या. "या भागात मी मुद्दाम बघितलं, तुमच्या वहिनींनी इतकं नीट लिहून दिलं होतं म्हणून. एकही ठिपका नाही."

सलोनीनं हात जोडले. तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

"बारीक असला तर दिसत नसेल," मी म्हणालो.

"बारीक असला तरी दिसतो. त्यासाठीच हा वेगळा फोटो काढतात."

"आठ महिने झाले, विरघळला असेल."

"इतक्यात नाही विरघळत तो."

"पण बाई, माझा तोल जात होता वर. मला चालता येत नव्हतं." हे तर मी चंदीगडलाही बोललो नव्हतो, हे मी आत्ता, त्या खुर्चीत बसून नवीन केलं.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "त्रास झाला असेल थोडाफार. डोकं दुखणं, मळमळणं, तेवढं पुष्कळांना होतं. पण मेंदूपर्यंत गेलेलं दिसत नाही. आता शंभर टक्के असं आमच्यात कुणीच सांगत नाही, तरी मला काही वावगं वाटत नाही." आणि मग त्या हसल्या. "तुम्हाला काय आजार हवाय का?"

सलोनीही हसली. मग तिचं हसू हळूहळू थांबलं, आणि ती पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली.

बाहेरच्या व्हरांड्यात, चपलांच्या मांडणीशी उभं राहून तिनं घरी फोन लावला. आईचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता: "बरा झाला गो बाय, देवानं ऐकलान आमचा." मागून आबा ओरडून सांगत होते, बाबूला निरोप द्या, उद्यापासून संदेश बोटीवर हाय. सलोनी हो हो म्हणाली, फोन पर्सेत टाकला, चेन लावली. फेब्रुवारीचं ऊन फरशीवर आलं होतं. एक बाई प्लास्टर घातलेल्या नवऱ्याला धरून पायऱ्या चढवत होती. आम्ही त्यांना वाट दिली.

"भावोजी," सलोनी म्हणाली, "आत तुम्ही असं का विचारत होतात?"

मला काहीही सांगता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी शंभरातली एक फट ठेवली होती. तिच्यातून मी आरामात निसटलो असतो, आणि सलोनीनं वर मला रिक्षात हात धरून बसवलं असतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मला तिची भीती वाटली, आणि त्याहून जास्त, अजून चाळीस वर्षं ती माझी अशी काळजी घेत राहील याची.

"मला सगळं आठवतं, सलोनी," मी म्हणालो.

"काय आठवतं?"

"चार वाजता ड्रायव्हर बोलला होता, खाली नेऊ या म्हणून. मग तंबूत रितेश स्वतः बोलला. दादा, मला खाली ने. तीनदा बोलला. माझी बाही धरून. मी नेलं नाही. माझं डोकं जाग्यावर होतं, सलोनी. मी जुना राग काढला."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला, आणि मला चंदीगडहून परतताना विमानातलं तिचं तोंड आठवलं. शवपेटी त्याच विमानात खाली होती. तिनं मला सबंध प्रवासात एकच विचारलं होतं: त्याला काही कळलं नसेल ना, भावोजी? आणि मी म्हणालो होतो, काही नाही, झोपेतच. आठ महिने ती या एका वाक्यावर उभी होती. सानवीलाही तिनं तेच शिकवलं होतं. पोरगी कुणी विचारलं की सांगायची, माझे पप्पा झोपले होते, त्यांना कळलंच नाही. मी माझ्या खोट्याचा निकाल लावायला निघालो होतो आणि हे दुसरं खोटं, ज्याच्यावर त्या दोघी राहत होत्या, माझ्या लक्षातच नव्हतं.

"म्हणजे त्याला कळत होतं," सलोनी म्हणाली.

"हो."

"आपलं काय होतंय ते."

"हो."

तिनं रिपोर्टचं मोठं पाकीट माझ्या हातात दिलं, आणि विचारलं. रागानं नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग हे आज मला कशाला सांगितलंत?"

"मला सहन होईना," मी म्हणालो.

"त्यालाही होत नव्हतं," सलोनी म्हणाली, आणि पायांत चपला सरकवून पायऱ्या उतरायला लागली.